शिवाप्पा, फलकावर आता काय लिहू?

शिवाप्पा,

तू गेलास त्या सकाळी तालमीतल्या मंडळींनी माझ्या हातात खडू दिला. "तुम्हीच लिवा, बाबूराव. तुमचा दोस्त हुता." मी फलकापुढं उभा राहिलो आणि अडलो. माइक दिला असता तर पंचगंगा उलटी वाहायला लागेपर्यंत बोललो असतो. पण हा खडू, आणि तोही तुझा. पांढरा घ्यायचा की पिवळा? तुझा कायदा असा, की ज्या बातमीला भांडणाऱ्या दोन्ही बाजू कबूल आहेत ती पांढऱ्यानं लिहायची, आणि जी एकच बाजू सांगत सुटली आहे ती पिवळ्यानं. तुझ्या बाबतीत डॉक्टर म्हणत होते, गेले. दुसरी बाजू, म्हणजे तू, काही बोलायलाच तयार नव्हतास. मी म्हटलं, "हे पिवळ्यात जातंय." मंडळींनी एकमेकांकडं बघितलं. त्यांना वाटलं, एक गेला आणि दुसरा खुळावला.

तुम्हा लिंगायतांत माणसाला बसवून नेतात हे मला माहीत होतं, पण तुला तसं बघितलं आणि गोंधळात भर पडली. फुलांच्या मखरात तू मांडी घालून बसलेला, कपाळाला विभूती, मान जरा पुढं, अगदी पेपर वाचायला बसायचास तसा. मला सारखं वाटत होतं, आता हा मान वर करणार आणि विचारणार, "बाब्या, मी मेलोय हे तुला कुणी सांगितलं? सूत्र कोण?" मी हल्ली सगळ्यांना सांगत सुटलोय, की तुझ्या मातीला पाच देशांचे राजदूत आलते, आणि ज्या दोघांच्यात लढाई चालू आहे ते एकाच रिक्षातून उतरले. कोण विश्वास ठेवत नाही. पूर्वी निम्मे तरी ठेवायचे. शेजारी उभा राहून तू "खोटं हाय" म्हणायचास ना, त्यानं माझ्या थापेला वजन यायचं. आता ती नुसतीच हवेत जाते.

आपली जोडी लोकांना कधी कळली नाही. तू गडहिंग्लजचा, घरात कन्नड आणि दारात मराठी, इथल्या एका दैनिकात जन्मभर विदेश पान लावणारा. मी कुस्तीच्या मैदानात माइकवर बोलणारा. जगाचा आवाज कमी करायचं तुझं काम, तो वाढवायचं माझं. एकदा मी एका पैलवानाला माइकवरून असा उचलला, की तो खाली येईपर्यंत मैदानातल्या लोकांची जेवणं उरकली, आणि खाली आल्यावर त्यानं पहिल्यांदा विचारलं, रस्सा उरलाय काय? तू त्या दिवशी पुढंच बसला होतास. कुस्त्या संपल्यावर येऊन म्हणालास, "तू माझ्या टेबलावर आला असतास तर सगळं कापून एक ओळ ठेवली असती. 'कुस्ती झाली.'" तिथनं आपली दोस्ती.

निवृत्त झाल्यावर तुला करमेना. तालमीच्या भिंतीवरचा काळा फलक, ज्यावर मैदानाची तारीख, नळाला पाणी कधी येणार आणि पेठेत कोण वारलं एवढंच असायचं, त्याच्या डाव्या अंगाला तू रोज सकाळी जग लिहायला लागलास. आणि पहिल्याच आठवड्यात घोळ. तालमीची बापजाद्यांपासूनची रीत, जिंकलेल्या पैलवानाचं नाव पिवळ्यानं लिहायचं. तुला ती ठाऊक नव्हती आणि आम्हाला तुझा कायदा ठाऊक नव्हता. कुठल्याशा लांबच्या लढाईत एका बाजूनं सांगितलं, आम्ही समोरच्याची विमानं पाडली. तू ते पिवळ्यानं लिहिलंस. अर्ध्या तासात पेठेत ठरलं, की पिवळेवाले जिंकले. कुणी हलगी आणली, कुणी पेढे आणले. मोकळा माइक दिसला की थांबणारा माणूस मी नव्हेच. मी त्या देशाच्या अख्ख्या लष्कराला आपल्या लाल मातीतलं करून टाकलं. तू आंघोळ अर्धी सोडून, पंचा गुंडाळून पळत आलास.

"अरं थांबा! जिंकलं न्हाय कोण! ते नुसतं म्हणत्यात!"

वस्ताद म्हणाले, "नुसतं म्हणत्यात तर लिवलंस कशाला?"

तू तोंड उघडलंस आणि हलगी परत सुरू झाली. तुझं उत्तर मग मी वर्षानुवर्षं ऐकलं. कोण काय म्हणतंय हे कळल्याशिवाय कोण खोटं बोलतंय हे कळत नाही, असं काहीसं. मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आता पटलंय की काय याचा अंदाज येत नाही. पण तू खडू बदलला नाहीस. बदलली ती पेठ. वस्तादांनी जिंकलेल्यासाठी हिरवा खडू आणला, आणि बायका एकमेकींना सांगायला लागल्या, "पिवळं हाय ते. जेवून घ्या आधी."

मग टीव्हीवाले माझ्या धंद्यात उतरले. सायरन काय, ज्वाळा काय, स्टुडिओत कोट घालून रणगाड्याच्या चित्रावर उभा राहिलेला माणूस काय! शिवाप्पा, मी थापाड्या आहे, पण एवढं खोटं मी कधी बोललो नाही. मी उचललेला पैलवान उशिरा का होईना, खाली यायचा. यांचं क्षेपणास्त्र सकाळपासून हवेतच. राग मला यायला पाहिजे होता, चोरी माझी झाली होती. पण तू माझ्यावरच उलटलास. "तुम्हीच शिकवलंय लोकांना. वर कोण, खाली कोण, एवढंच बघायचं. युद्धात पाठ कुणाची टेकते रं? ज्याला कुस्तीला कुणी बोलावलंच न्हवतं त्याची." मी म्हटलं, "वाक्य चांगलं हाय, मला दे." तू दिलं नाहीस. आता घेतलं बघ.

तुझा दुसरा राग तुझ्याच पानावर होता. संपादकसाहेब यायचे, बातमीवर नजर टाकायचे आणि विचारायचे, "यात कोल्हापूरचं कोण अडकलंय काय?" अडकलं असलं तर पहिलं पान. नसलं तर आत, आणि जाहिरात आली तर तेही नाही. तू म्हणायचास, लढाई थांबताना मी क्वचित बघितली, पानावरून उतरताना मात्र रोज बघितली. पहिल्यावरनं पाचव्यावर, पाचव्यावर एका चौकटीत, आणि एक दिवस चौकट पण नाही. तिकडं माणसं तशीच मरत असतात.

मी भांडायचो. "बरोबरच हाय की साहेबाचं. सगळ्या जगासाठी रडत बसलं तर माणसानं जेवायचं कधी?"

"मग उद्या तुझ्यासाठी जगानं का रडावं?"

"मी कुठं बोलावलंय कुणाला?"

दूध कट्ट्यावर म्हशीची धार निघून ग्लास हातात येईपर्यंत हे भांडण चालायचं. फेस मिशीला लागला की दोघं गप्प. निकाल कधी लागला नाही. लागेल असं वाटलंही नव्हतं, आणि मग साहेबाच्या त्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच गल्लीत निघालं.

मंगलवहिनींचा सागर. मलकापुराहून इथं येऊन शिवणकाम करणाऱ्या मंगलवहिनी, एकुलता मुलगा, आणि तो आखातातल्या एका बंदरात क्रेन चालवतो. तिकडं पेटल्यापासून वहिनी रोज सकाळी दुधाची किटली घेऊन फलकापुढं उभ्या. तू लिहायला लागायच्या आधीच. तू काय लिहितोस यापेक्षा कुठला खडू उचलतोस याच्याकडं त्यांचं लक्ष. सागरचा करार संपत आला होता. पुढं राहायचं की परत यायचं, हे तो आईला विचारायचा. तिथं राहून त्याला काही कळत नव्हतं. "तुम्हाला तिकडं जास्त कळतंय," म्हणायचा. आणि आई तुझ्या हाताकडं बघायची.

त्या दिवशी टीव्हीनं बंदर पेटवून झालं होतं. तू पिवळ्यानं लिहिलंस, हल्ला केल्याचा एका बाजूचा दावा, दुसरी बाजू गप्प. वर बंदराचं नाव. सागरचंच. वहिनी कोपऱ्यावर दिसल्या आणि मी खांद्यावरचा ओला टॉवेल काढून फलक पुसला.

"बाब्या! बातमी पुसतोस?"

"पिवळं तर हाय. पिवळ्यापायी बाईचा जीव घेतोस व्हय?"

"अरं, पिवळं हाय म्हणूनच लिवलंय! अजून ठरल्यालं न्हाय हे तिला कळाय नको?"

तेवढ्यात वहिनी येऊन उभ्या राहिल्या. फलक ओला, टॉवेल पिवळा. त्यांनी टॉवेलकडं बघितलं.

"पुसलं म्हंजी खरं हाय काय, भाऊजी?"

लिहिलेलं पिवळं त्या बाईनं पचवलं असतं, रोज पचवतच होती. पुसलेलं पचेना. पण म्हणून मी पुसायला नको होतं काय? एखाद्याच्या अंगावर धोंडा येताना दिसला तर हात पुढं होतोच की. तो धोंडा खरा आहे का कुणी नुसता म्हणतंय, हे हात कधी विचारतो?

तू म्हणालास, "वहिनी, मला म्हाईत न्हाय."

मी म्हणालो, "मला म्हाईत हाय. सागरची आज सुट्टी हाय. उंटावर बसून फोटो काढायला गेलाय."

त्यांनी आळीपाळीनं दोघांकडं बघितलं आणि तालमीच्या पायरीवर बसल्या. "परत लिवा," म्हणाल्या. "हुतं तसं लिवा." तू लिहिलंस.

दिवसभर सागरचा फोन लागला नाही. पायरीवर एका बाजूला तू, एका बाजूला मी, मधे वहिनी. तू मोबाइलवर मराठी, कन्नड, इंग्रजी, जे हाताला लागेल ते वाचायचास आणि सांगायचास, "अजून कळत न्हाय." मी उंटाची गोष्ट लांबवत नेली. उंट उधळला, वाळूत रुतला, सागरनं त्याला खांद्यावर घेतला आणि बंदरापर्यंत चालत आणला. तिथं वहिनी हसल्या. हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. तू माझ्याकडं असं बघितलंस की मी उंट तिथंच सोडला. ते हसू मी दिलं म्हणून पुण्य मिळालं, का ते रडू दिलं म्हणून पाप, हे अजून उलगडलेलं नाही.

दिवेलागणीला फोन आला. वहिनींनी स्पीकर लावला, निम्मी गल्ली पायरीभोवती.

"आई, मी बरा हाय. तळघरात हुतो सगळी."

तू फोनवर वाकून विचारलंस, "बंदरात काय झालंय रं, सागर?"

"आवाज झाला मोठा. धूर दिसला. कुठं पडलं म्हाईत न्हाय. कंपनीनं सांगितलंय, फोटो काढायचा न्हाय, कुणाशी बोलायचं न्हाय." जरा थांबून तो म्हणाला, "काका, तिकडं काय दाखवत्यात? इथं नेमकं काय झालंय?"

ज्याच्या डोक्यावर आवाज झाला तो कोल्हापूरला विचारतोय, माझ्या डोक्यावर काय झालं! तू मागं सरकून भिंतीला टेकलास. मी तुला असा टेकलेला कधी बघितला नव्हता. दुसऱ्या दिवशी एक बाजू म्हणाली बंदराची राख केली, दुसरी म्हणाली शेजारच्या गोदामात शॉर्टसर्किट झालं. तू दोन्ही ओळी पिवळ्यानं लिहिल्यास. बराच वेळ पांढरा खडू हातात धरलास आणि तसाच खिशात टाकलास.

त्यानंतर सहा महिने आपण एकमेकांचं तोंड बघितलं नाही, असं मी पेठेत सांगतो. तुला म्हणून खरं लिहितो, दुसऱ्याच संध्याकाळी तू कट्ट्यावर आलास. धार चालू होती. माझ्याकडं न बघता म्हणालास, "तू पुसलंस ते चूकच."

"बरं."

"पण मी लिवलं ते बरोबर हुतं काय, ते कळंना झालंय."

बातमीबद्दल 'कळत नाही' तू दिवसातनं दहादा म्हणायचास. स्वतःबद्दल पहिल्यांदा म्हणालास. मला खरं तर सांगायचं होतं, की गड्या, तुझं ते 'म्हाईत न्हाय' शेजारी बसलेलं होतं म्हणून वहिनींनी माझा उंट ऐकून घेतला. नुसता उंट असता तर उठून गेल्या असत्या. आणि नुसतं 'म्हाईत न्हाय' असतं तर संध्याकाळ झाली नसती. हे सगळं जिभेवर आलं होतं. आणि मी बोललो काय? "तुझं ऐकून म्हैस आटली बघ." तू हसलास, मिशी पुसलीस, गेलास. त्याच आठवड्यात खरोखरचा गेलास. चांगलं बोलायचं म्हटलं की माझी जीभ अशीच पाय घसरून पडते. तुला तरी हे आता सांगून काय उपयोग? तू कापून एक ओळ ठेवशील.

तर फलक आता माझ्याकडं आहे. लोक म्हणतात, थापाड्याच्या हातात जग दिलं. मला पण तेच वाटतं. पिवळा उचलला की पांढरा बोलावतो, पांढरा उचलला की तुझा आवाज येतो, दुसरी बाजू कुठं हाय? निम्मे दिवस मी नुसतं पाणी कधी येणार ते लिहितो. त्याच्यात पण दोन बाजू निघतात.

परवा वहिनी आल्या त्या हसतच. हातात पेपर. "भाऊजी, आज कायबी न्हाय त्यात. टीव्हीवर पण निवडणूकच चाललीया. म्हंजी थांबलं न्हवं? सागरला सांगू काय, कर म्हणून सही? दोन वर्षं वाढवून देत्यात."

शिवाप्पा, किती सोपं होतं. 'व्हय' म्हटलं असतं की त्या बाईचा दिवस सोन्याचा झाला असता. असल्या 'व्हय' मी आयुष्यात पोत्यानं वाटल्यात. पण हा उंट नव्हता. याच्यावर सही होणार होती. मी तुझ्यासारखा उभा राहून बघितलं, तुझ्यासारखा चष्मा वर केला, तरी तुझ्यासारखं काही सुचेना. शेवटी तोंडातनं आलं ते असं, "थांबलं न्हाय, वहिनी. छापायचं थांबलंय."

त्यांचा चेहरा पडला तो बघवेना. मला वाटलं, आता ही बाई माझ्याशी जन्मात बोलणार नाही. तू रोज हे कसं सोसत होतास? लोकांना नको असलेलं सांगायचं आणि वर त्यांच्याच कट्ट्यावर दूध प्यायचं?

आज सकाळी त्या परत आल्या. मी फलक पुसत होतो, या वेळी कालचाच. म्हणाल्या, "सांगितलं त्याला, ये म्हणून. येतोय." मी माइक नसताना जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडलो. वस्ताद लंगोटावर बाहेर आले. पण वहिनी जाईनात. किटली या हातातनं त्या हातात.

"भाऊजी, एक लिवता काय? सागरच्या खोलीत एक इद्रिस म्हणून हाय. सुदानचा. दोघं एकाच ताटात जेवत्यात. सागर तर येईल, पण इद्रिसला परत जायला घरच राहिलं का न्हाय, ते कळत न्हाय. तिकडं पण लढाई हाय म्हणं. त्याच्या आईचा फोन लागंना झालाय कवापासनं. सागर म्हणतोय, त्यांचं कुठंच येत न्हाय. ना तिथल्या टीव्हीवर, ना आपल्या."

मी म्हटलं, "वहिनी, ही पेठेची बातमी न्हाय." म्हणालो खरा, आणि माझ्याच कानाला तुझा साहेब ऐकू आला. मग लिहिलं. 'सुदान : इद्रिसच्या आईचा फोन लागत नाही.' एवढंच. कुठल्या रंगानं लिहिलं ते विचारू नकोस, हाताला लागला तो खडू घेतला. हिला बातमी म्हणायचं का, हेही विचारू नकोस.

दूध घेऊन चाललेला एक पावणा थांबला. मोठ्यानं वाचलं. "इद्रिस? कुठल्या गल्लीतला ओ?"

वहिनी म्हणाल्या, "आमच्यातलाच हाय. माझ्या पोराच्या खोलीतला."

"अरारा," तो म्हणाला. "बरं, लागला फोन की लिवा. मी येतो उद्या बघायला."

शिवाप्पा, तो माणूस उद्या येणार आहे. आणि सुदान नकाशात कुठं येतं, ते मला माहीत नाही.